खारी मावशीचं ऊन

खारी मावशी अख्खा दिवस एसटीत बसून माल विकायला यायची आणि निम्म्या गिऱ्हाइकांना तो घेऊ नका म्हणून सांगायची. माणदेशातल्या आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीला पाठ लावून ती बसे. पुढ्यात पोतं अंथरलेलं, त्यावर सुकट, बोंबील आणि खारा बांगडा यांचे तीन ढीग. एखादी बाई वाकून बोंबलाला हात लावी, की मावशी म्हणे, "तो नको घेऊस. त्याला ऊन कमी लागलंय. सुकट ने, सुकट बरी हाय."

"मग आनला कशाला एवढ्या लांबनं?"

"कच्चा कसा दिसतो ते तुला कळावं म्हणून. उद्या दुसरा कोन गळ्यात मारील तुझ्या."

असं म्हणून ती तो बोंबील मधोमध मोडून दाखवी. नीट वाळलेला असेल तर तो काटकीसारखा मोडतो. कच्चा असेल तर नुसता वाकतो. आमच्या गावच्या बायकांनी समुद्र पाहिला नव्हता, पण बोंबील मोडून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही हे त्यांना मावशीने शिकवलं. अजूनही आमच्याकडे नवीन सून बाजाराला निघाली की सासू तिला हेच सांगते.

तिचं खरं नाव द्वारकाबाई. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गावाने तिला खारी मावशी हेच नाव दिलेलं होतं आणि तिलाही ते आवडायचं. तिचं गाव गुहागरच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते तिथे. पहाटे निघून चिपळूणला यायचं, तिथून कुंभार्ली घाट चढून उंब्रज, मग सातारा, पुसेगाव, दहिवडी, आणि दिवस मावळता मावळता आमचं गाव. वाटेत तीनदा गाडी बदलायची. दर वेळी कंडक्टर पोत्यांच्या वासावरून कुरकुर करायचा. मावशी शांतपणे मागच्या बाकावर बसून म्हणायची, "मास्तर, वास पोत्याचा नाय, माजा हाय. मला उतरवतोस का?" मग सगळी गाडी हसायची आणि पोती आत यायची.

एवढ्या लांब कशाला येता, असं मी एकदा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "जितं पानी नाय तितं मासा इकावा गं. पान्याकाठी सुका कोन घेतंय?" मावशीचं बोलणं अर्धं घाटाखालचं राहिलं होतं आणि अर्धं आमचं झालं होतं. नवरा होडीवर असतानाच गेला. तेव्हापासून एक मुलगा सांभाळत तिने हा धंदा केला होता. पण आपली कहाणी सांगत बसणं तिला जमायचं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बरं चाललंय. तुजं सांग."

बुधवारी संध्याकाळी येऊन ती आमच्या घरी मुक्काम करायची, कारण स्टँडपासून पहिलं घर आमचं. वडील मुंबईला बाजारात माथाडी कामगार होते. घरी आई, मी आणि पंचवीस-तीस मेंढरं. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन हिंडणारे. वडिलांच्या वेळेपासून थोडी जमीन कसायला घेतली, पण ती पावसावरची. पाऊस आला तर ज्वारी, नाही आला तर नुसतं आभाळ.

मावशी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी विचारायची, "पाऊस?"

आई म्हणायची, "न्हाई वो मावशी. थेंब न्हाई."

"लय नशीबवान गं बाय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आईला राग आला. त्या संध्याकाळी तिने मावशीला भाकरी वाढली, पण बोलली नाही. सकाळी मेंढरं सोडताना मावशी तिच्या मागे गेली आणि म्हणाली, "कमल, मी वाईट मनानं नाय बोलले. तुजी ज्वारी पान्यावाचून मरते. माजा मासा पान्यानं मरतो. वाळत घातलेल्या मासळीवर एक सर आली की झालं, किडे पडतात. तुला पडत नाय म्हणून रडू येतं, मला पडतो म्हणून."

आईने शेवटचं मेंढरू बाहेर काढलं. मग म्हणाली, "तुमचा द्या की मग इकडं धाडून."

"ने की. पाटीत भरून आनते पुढच्या बुधवारी."

त्या दिवसापासून त्या दोघींचं जमलं ते कायमचं. दर बुधवारी हाच प्रश्न आणि हेच उत्तर, पण आता आई हसून उत्तर द्यायची. मी शाळेत होते तेव्हा मला या दोघींची मैत्री विचित्र वाटायची. एक आभाळाकडे बघून ढग शोधायची, दुसरी ढग नसल्याची खात्री करून घ्यायची.

मी नर्सिंगच्या शिक्षणासाठी मिरजेला गेले त्या सुमाराला मावशीचं बोलणं बदलायला लागलं. सुट्टीत घरी आले की मला ते जाणवायचं. पूर्वी ती तीन ढिगांतल्या एखाद्याला नावं ठेवायची. आता कधीकधी तिन्ही ढीग कच्चे असायचे. दिवाळीनंतर कोकणात पाऊस संपलेला असायचा, तिच्या सगळ्या हयातीत असायचा. आता तो पौषात यायचा, शिमग्यात यायचा. वादळाचा इशारा आला की होड्या आठ-आठ दिवस ओढून ठेवलेल्या. पूर्वी वर्षाकाठी एखादं वादळ यायचं, त्याच्या आठवणी म्हातारी माणसं सांगायची. आता एकाची आठवण काढेपर्यंत दुसरं दारात. आणि बांगडा म्हणे आता पूर्वीच्या जागी सापडतच नाही, थंड पाण्याच्या शोधात कुठल्या कुठे जातो.

"आनि पुळण गेली," ती म्हणाली. पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. तिथेच त्यांची मासळी वाळायची. "सुरूची झाडं होती, ती आडवी झाली. दगडाचा बांध घातला, तो दर्यानं खाल्ला. आता भरती आली की पानी माज्या परसात येतं. मासा वाळवायचा कुटं? कौलावर?"

हे सगळं ती सांगायची ते आम्हाला माहिती द्यावी अशा सुरात. रडगाणं नाही. सांगून झालं की पोतं झटकायची आणि म्हणायची, "बगू. काय तरी करू."

मग एका गुरुवारी ती रिकाम्या पाटीने आली. मी तेव्हा घरीच होते. नेहमीप्रमाणे ती ग्रामपंचायतीच्या भिंतीला पाठ लावून बसली, पुढ्यात पोतं अंथरलं, आणि त्यावर काही नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती सांगत होती, "माल नाय. सगळा भिजला. पुढं कवा येईल सांगता येत नाय. माज्यासाठी थांबू नका, दहिवडीवाल्याकडून घ्या, पण मोडून बगा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, हे सांगायला एवढा दिवसभराचा प्रवास केलात? फोन करायचा."

"कोनाकोनाला करू? फोन तुज्या आयशीचा हाय. बाकीच्या बाया गुरुवारी येऊन हितं बगत बसल्या असत्या."

दुपारपर्यंत ती तशीच बसली. ऊन भिंतीवरून खाली उतरून तिच्या अंगावर आलं. आई मेंढरांचं आवरून बाजारात आली आणि तिच्याशेजारी बसली. बराच वेळ दोघी समोरच्या माळाकडे बघत होत्या. त्या माळावर कुसळं सोडली तर काही उगवत नाही. पलीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या.

"मावशी," आई म्हणाली, "तुमचं मासं हितं आना."

"काय?"

"हितं आना. वाळवाया. आमच्याकडं दुसरं काय न्हाई, पर ऊन लय हाय."

मावशी हसली. मग हसायची थांबली. उठून ती माळावर गेली आणि चक्क दिवस मावळेपर्यंत तिथे बसून राहिली. कधी हाताचा पंजा जमिनीवर ठेवायची, कधी पदर वाऱ्यावर धरायची. येणारे-जाणारे बघत होते. संध्याकाळी घरी आल्यावर तिने माळावर ओला करून टाकलेला एक पंचा आईच्या हातात दिला. तो अर्ध्या तासात कडक वाळला होता. "कमल," ती म्हणाली, "तुज्या दारात सोनं पडलंय आनि तू मेंढरं चारतेस त्यावर."

बोंबील येणार नाही, हे तिने लगेच सांगून टाकलं. तो बिनमिठाचा, वाटेतच सडेल. पण बांगडा आणि मुशी, म्हणजे लहान शार्क, मीठ भरून पिंपात घातली की दोन दिवस टिकतात. एका टेम्पोत पिंपं घालून घाट चढवायची, इथे बांबूचे मांडव घालून वाळवायची. पुढच्या फेरीला तिने नुसते वीस बांगडे आणले आणि आमच्या कुंपणाच्या तारेला टांगले. ते कसे वाळले हे बघायला निम्मं गाव आलं. उरलेलं निम्मं गाव नाक धरून सुभेदार आबांकडे तक्रार घेऊन गेलं.

सुभेदार आबा फौजेतून निवृत्त होऊन गावात आलेले. मिशा पांढऱ्या झाल्या तरी दर दिवशी पहाटे पळायला जायचे. गावात काहीही ठरायचं असेल तर शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चावडीपुढे सगळ्यांना बोलावलं आणि मावशीला समोर बसवलं.

"बाई, तुमी आमच्या पावन्या," आबा म्हणाले. "तुमचा मान हाय. पर हे चालणार न्हाई. गावात देऊळ हाय, शाळा हाय. सगळीकडं वास मारणार. गावाला एक डिसिप्लिन असतं."

मावशीने वाद घातला नाही. तिने विचारलं, "आबा, शिमग्याला तुमची होळी कुटं पेटते?"

"हितंच. चावडीपुढं."

"धूर कुनीकडं जातो?"

आबांनी हात उगवतीकडे केला. दोघातिघांनी माना डोलावल्या.

"आनि थंडीत शेकोट्या पेटवता, तवा?"

तिथे मतभेद झाले. कुणी मावळतीकडे म्हणालं, कुणी म्हणालं थंडीत वारा नसतोच. शेवटी एका म्हाताऱ्या मेंढक्याने सांगितलं की थंडीत सकाळी वारा उगवतीकडून सुटतो, बांधावरचं धुकं कायम गावाकडे येतं.

"मग उगवतीला नाय नि मावळतीला नाय," मावशी म्हणाली. "खालच्या अंगाला कमलचा तुकडा हाय, तो बरा. दोन म्हैने बगा. तुमच्या देवळात एक दिवस जरी वास आला, तर मी माजे बांबू उपटून नेईन. बांबू टेम्पोत घालायला तुमी या मदतीला."

आबांनी आयुष्यात पुष्कळ मोहिमा आखलेल्या असणार. पण वाऱ्याची अशी चौकशी करणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "दोन म्हैने. एक दिस जास्त न्हाई."

दोन महिन्यांनी ते विचारायला आले नाहीत. त्याऐवजी त्यांच्या सूनबाई भांडं घेऊन बांगडा न्यायला आल्या.

तिथून पुढे दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर कोकणातून टेम्पो यायचा. मावशीचा मुलगा अनंता चालवायचा. आमच्या आळीतल्या आठ-दहा बायकांना काम मिळालं. मांडवांवर जाळी टाकायची, तासातासाला मासा परतायचा, कावळे हाकलायचे. कावळ्यांपेक्षा आमची कुत्रीच बिलंदर निघाली. लांडग्याला भिऊन न पळणारी ती मेंढरांची कुत्री, बांगड्यापुढे त्यांची सगळी इमानदारी संपली. मावशीने त्यांच्यावर हात उगारला नाही. रोज सकाळी सगळ्यांना एकेक डोकं घालायची आणि म्हणायची, "हा तुमचा पगार. आता राखायला बसा." आठवड्यात ती कुत्री मांडवाखाली झोपायला लागली, आणि परक्या कुत्र्याला जवळ येऊ देईनात.

मावशी कामाला कडक होती. एका बाईने घाईघाईत कच्चा मासा पोत्यात भरला, तर मावशीने अख्खं पोतं पुन्हा उपसून मांडवावर टाकायला लावलं. ती बाई फुरंगटली. मावशी स्वतः तिच्याबरोबर बसून तिन्हीसांजेपर्यंत मासा परतत राहिली आणि म्हणाली, "खानारा आपल्याला बगत नाय. म्हनून आपनच बगायचं." माझ्या नोकरीत इंजेक्शनच्या ट्रेवर शेवटची नजर टाकताना मला हे वाक्य दर वेळी ऐकू येतं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. पावसाळा कोरडा गेला होता. ज्वारी गुडघ्याएवढी येऊन सुकत चालली होती आणि आई रोज सकाळी शेताच्या बांधावर जाऊन नुसती उभी राहायची. मांडवांवर मात्र मासा भरलेला होता, त्या वर्षीचा सगळ्यात मोठा माल. मी दोन दिवसांच्या रजेवर घरी होते. दुपारी दोनच्या सुमाराला खालच्या अंगाने आभाळ काळं झालं. आमच्याकडे त्या दिवसांत तसलं आभाळ कुणी पाहिलेलं नव्हतं.

मावशी मांडवातून ओरडली नाही. तिने एकदाच आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अर्धा तास हाय. उचला."

बायका धावल्या. ताडपत्र्या दोनच होत्या, कारण माणदेशात ताडपत्री कुणाला लागते. आमचं घर भरलं, मेंढरांचा वाडगा भरला, शाळेचा व्हरांडा भरला, तरी निम्मे मांडव तसेच. तेवढ्यात सुभेदार आबा पळत आले. वय सत्तरीपुढचं, पण पळणं फौजेतलं. त्यांच्या हातात समाजमंदिराची किल्ली होती.

"हिकडं आना सगळं," ते म्हणाले. "लाइन करा. एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं. कुणी मधी पळायचं न्हाई."

मांडवापासून समाजमंदिरापर्यंत माणसांची रांग लागली. ज्यांनी नाक धरून तक्रार केली होती तीही माणसं होती त्यात. टोपल्या हातोहात जात होत्या. शेवटच्या चार मांडवांवरचा मासा राहिला तेव्हा पहिले थेंब पडले, आणि मग पाऊस असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना.

आम्ही सगळे समाजमंदिराच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. आत जमिनीपासून खिडक्यांपर्यंत बांगडा. मावशी आपल्या भिजणाऱ्या चार मांडवांकडे बघत होती. आई तिच्याशेजारी उभी होती, आणि मी आईचा चेहरा पाहिला. किती महिन्यांनी तिच्या ज्वारीवर पाणी पडत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते लपवायचा प्रयत्न करत होती. ज्या बाईचा मासा समोर भिजतोय तिच्या देखत आनंद दिसू नये म्हणून तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

मावशीने ते ओळखलं. तिने आईचा हात धरला.

"बग की गं तिकडं," ती म्हणाली. "तोंड का फिरवतेस? माजा मासा परत येईल. तुजी ज्वारी आता परत पेरता येनार हाय का? पडू दे त्याला."

मग आई रडली. मावशी तिचा हात धरून पावसाकडे बघत राहिली.

त्या वर्षी ज्वारी चांगली झाली. चार मांडवांचा मासा गेला. समाजमंदिरात आठ दिवसांनी एक साखरपुडा होता. बायकांनी फरशी तीनदा धुतली, उदबत्त्या लावल्या, तरी मुलाकडच्या एका पाहुण्याने जेवणात मासळी आहे का म्हणून आशेने विचारलंच. पुढच्या हंगामात मात्र मांडवांवर आधीच पत्र्याचं छप्पर पडलं, बाजूने उघडं. आता आमच्याकडेही पावसाचा भरवसा धरता येत नाही, हे मावशीला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. "ऊन तुमच्याकडं हाय," ती म्हणाली, "पर त्यालाबी आता राखन लागंल."

मी सांगलीला नोकरीला लागले आणि खोली बघितली, तेव्हा मावशीने फोनवर पहिला प्रश्न केला तो भाड्याचा नाही. तिने विचारलं, "नदी किती लांब?" जवळच आहे, घाटावर संध्याकाळी छान वाटतं, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "पुराचं पानी मागं कुटवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचार. त्याच्यावर एक मजला घे." मी हसले, पण खोली वरच्या मजल्यावरची घेतली. पुढे कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांनी चार दिवस माझ्या खोलीत काढले.

मावशी गेली त्याला आता दोन पावसाळे झाले. गुडघे थकले होते, मग छातीत पाणी झालं. सांगलीला आणून मी तिला आठ दिवस आमच्या दवाखान्यात ठेवलं. पण तिला घरी जायचं होतं आणि डॉक्टरांनीही अडवलं नाही. अनंता आणि त्याची बायको आता टेम्पो घेऊन येतात. मांडव आई बघते. हे सगळं नीट चाललेलं आहे आणि मावशीला तेच हवं होतं. पण तिची आठवण येते तेव्हा मला दवाखान्यातली मावशी दिसत नाही. मला तिच्या घराचा शेवटचा दिवस दिसतो.

तो तिच्या जाण्याच्या आदल्या वर्षीचा वैशाख. दर पावसाळ्यात समुद्र परसातून पुढे सरकत होता आणि मागची भिंत ओलीच राहायची. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नवीन जागा मिळत होती. वाडीतली माणसं जायला तयार नव्हती. बांध परत घालतील, पाणी मागे जाईल, असं म्हणत होती. मावशीने ठरवून टाकलं. "दर्यानं घर पाडल्यावर जायचं, का घर घेऊन जायचं, एवढंच आपल्या हातात हाय," ती अनंताला म्हणाली. "मी घर घेऊन जानार."

तिने आईला फोन केला. आई, मी आणि आमच्या गावचे चौघं गडी टेम्पोत बसून घाट उतरलो. सुभेदार आबा बोलावलं नसताना आले. कुंभार्लीची वळणं सुरू झाल्यावर आईने समोरची दांडी धरली ती खाली पोचेपर्यंत सोडली नाही. किनाऱ्यावर उतरल्यावर तिने ते एवढं पाणी पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "मावशी, ह्यो तर जवळ आलाय."

"व्हय. म्हनून तर तुला बोलावलं."

दोन दिवस आम्ही घर उतरवलं. आबांनी त्याची फौजी आखणी केली. आधी कौलं, मग वासे, मग दारं-खिडक्या. प्रत्येक वाशावर खडूने आकडा घातला, म्हणजे वर नेऊन तसाच जोडता यावा. वाडीतली माणसं पहिल्या दिवशी लांबून बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एकेक जण हात लावायला आला. त्यातल्या दोघांनी त्याच वर्षी आपली घरं वर नेली, हे मला नंतर अनंताने सांगितलं. मावशीने त्यांना जा म्हणून एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा घराच्या जागी चार भिंती उरल्या, वर आभाळ. आबांच्या हातात पहार होती. दाराचा उंबरा फणसाच्या लाकडाचा, जुना आणि भक्कम. तो काढून घ्यायला ते वाकले, तेव्हा मावशी म्हणाली, "आबा, तो ऱ्हावू दे."

"अवो बाई, एवढा चांगला फणस. पान्यात जाऊन कुजणार."

"ऱ्हावू दे."

मग तिने झाडू घेतला. त्या बिनछपराच्या घरात ती एका कोपऱ्यापासून झाडायला लागली. स्वयंपाकाची जागा, माजघर, ओटी. आम्हाला वाटलं काही पडलंय का बघतेय. आई तिच्या हातातून झाडू घ्यायला गेली, पण तिने दिला नाही. सगळा केर भरून तिने सुपात घेतला आणि बाहेर टाकला. जमिनीवर पाणी शिंपडलं. कमरेच्या पिशवीतून हळदकुंकू काढलं आणि उंबऱ्यावर वाहिलं.

"मावशी," आई हळूच म्हणाली, "आता हितं कोन राहणार हाय?"

मावशीने समुद्राकडे मान केली. भरती लागली होती.

"तो येनार हाय ना," ती म्हणाली. "पावना यायचा तर घर झाडलेलं नको? उंबरा नको?"

तिने सूप काखेत मारलं, आईचा हात धरला आणि सड्याची चढण चढायला लागली. गुडघे दुखत होते म्हणून मधे दोनदा थांबली. मागे वळून काही तिने पाहिलं नाही.